लाल आलवणातली आंट लिडिया

आमच्या हॉस्टेलमध्ये आंट लिडियाचा राग न येणारी मुलगी शोधूनही सापडणार नाही. गेल्या टर्मला सबमिशन डोक्यावर असताना, जर्नलं अर्धवट टाकून, आमच्या मजल्यावरच्या सात-आठ जणींनी एकाच लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसून ‘द हँडमेड्स टेल’ बघून संपवली. (व्हायव्हात काय दिवे लावले ते विचारू नका!) ज्यांनी ती बघितली नाही, म्हणजे बहुतेक सगळं बॉईज हॉस्टेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गिलियड नावाचं एक राज्य. अमेरिकेतलं सरकार उलथवून काही धर्मवेड्या लोकांनी ते उभं केलेलं. मुलं होणं जवळजवळ थांबलंय, म्हणून ज्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना पकडून मोठ्या साहेबांच्या घरी नेऊन ठेवतात. त्यांचं नाव काढून घेतलेलं, वाचायची बंदी, अंगावर पायघोळ लाल कपडे. आणि या लाल कपड्यातल्या मुलींना ‘वळण लावायचं’ काम ज्या बायकांकडे, त्या आंट्स. त्यांची मुख्य आंट लिडिया. कमरेला गुरं हाकायची विजेची काठी.

ही बाई एका मुलीचा डोळा काढायला लावते. जनीन तिचं नाव. आणि त्याच जनीनला मोठ्या मेजवानीतून ‘हिचं तोंड बरं दिसत नाही’ म्हणून बाहेर ठेवायला सांगतात तेव्हा लिडियाचाच जीव तुटतो, ती तिला नंतर गोडधोड आणून द्यायचं कबूल करते. आमच्यात इथेच भांडण लागलं. अर्ध्या जणी म्हणाल्या, नाटकी आहे, सगळं ढोंग. माझी रूममेट म्हणाली, “ढोंग नाहीये यार, तिला खरंच वाटतंय, तेच तर भयानक आहे.” मला रूममेटचं पटलं. पण पटलं म्हणजे कळलं असं नाही.

मूळ कादंबरी मार्गारेट अ‍ॅटवूड या कॅनडाच्या लेखिकेची, १९८५ ची. सिरीयल आली २०१७ मध्ये आणि २०२५ मध्ये संपली. अ‍ॅटवूड बाईंनी अनेकदा सांगितलंय की माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेली नाही अशी एकही गोष्ट मी पुस्तकात घातली नाही. हे वाचल्यावर मला आधी इराण आठवला. २०२२ मध्ये महसा अमिनीला हिजाब नीट नाही म्हणून पकडलं आणि ती कोठडीतून जिवंत परत आली नाही. तिथल्या त्या गस्तीच्या गाड्यांतून काळ्या चादरीतल्या बायकाही उतरायच्या, आणि मुलींना हाताला धरून आत घालायच्या. तर मी समजत होते की लिडियाबाईंचं गाव तेहरान वगैरे असणार. ते सदाशिव-नारायण पेठेत निघेल असं वाटलं नव्हतं!

झालं असं की दिवाळीत घरी गेले तेव्हा मी एक एपिसोड पुन्हा लावला होता. आज्जी शेजारी वाती वळत बसली होती. इंग्रजी तिला समजतं, पण त्या लोकांचे उच्चार नाही. बराच वेळ बघून ती म्हणाली, “ह्या सगळ्या आलवणं नेसून कुठे निघाल्यात गं?”

मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास. आलवण हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग आज्जीने सांगितलं, आणि टीव्ही बंद करून आम्ही दोघी रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो. पुढचं अर्धं तिचं आहे, अर्धं मी नंतर लायब्ररीत बसून वाचलेलं.

आलवण म्हणजे तांबडं लुगडं. ब्राह्मण घरात नवरा मेला की बाईचं केशवपन व्हायचं, म्हणजे न्हावी बोलावून डोकं भादरायचं, आणि तिथून पुढे मरेपर्यंत तांबडं आलवण, डोक्यावरून पदर. बांगडी, कुंकू, रंगीत चोळी सगळं बंद. आणि ती बाई म्हणजे दर वेळी म्हातारीच असायची असं नाही, आठ-दहा वर्षांची मुलगीसुद्धा असायची. एवढं मला शाळेतल्या ‘समाजसुधारक’ धड्यावरून अंधुक माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं की केशवपन केलेल्या बाईला त्या बदल्यात काहीतरी मिळायचं. केस राखलेली विधवा म्हणजे सकेशा. तिच्या हातचं पाणीसुद्धा देवाला चालायचं नाही. तिने केस दिले की ती ‘सोवळी’. मग तिच्या हातचा नैवेद्य चालतो, श्राद्धाचा स्वयंपाक चालतो. म्हणजे ज्या दिवशी तिचं सगळं जातं त्याच दिवशी स्वयंपाकघराची सत्ता तिच्या हातात यायला सुरुवात होते. कोणी कशाला शिवायचं, कोणी कुठे बसायचं, कोण पवित्र आणि कोण विटाळलेलं, हे ठरवायचा अधिकार. घरातला सगळ्यात मोठा पुरुषही तिथे तिच्या शब्दापुढे जात नसे.

गिलियडमध्ये बायकांपैकी फक्त आंट्सना लिहिण्या-वाचण्याची परवानगी असते. मला दोन्ही सौदे एकाच वहीतले वाटले.

यामागे सरकार होतं का? एके काळी होतं. पेशवाईत पुणं हे नुसतं राजकारणाचं गाव नव्हतं, धर्मनिर्णयही इथेच व्हायचे आणि ते अंमलात आणायला सरकारची माणसं असायची. व्यभिचाराचा गुन्हा शाबीत झालेल्या बाईला सरकार बटीक करायचं, म्हणजे सरळ गुलाम, आणि कामाला जुंपायचं. (पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंची बायको पार्वतीबाई मात्र ‘माझा नवरा जिवंत आहे’ यावर अडून राहिली आणि १७८३ मध्ये मरेपर्यंत सवाष्णीसारखीच राहिली. पेशव्यांच्या घरात चाललं ते. बाकीच्यांना कोण विचारतो!) १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. कायदा इंग्रजांचा आला. १८५६ मध्ये विधवांनी पुन्हा लग्न करायला हरकत नाही असा कायदाही झाला. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं म्हणून. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. एवढं सगळं झालं आणि तरी १९५० च्या दशकात आमच्या आज्जीच्या घरी दर पंधरा दिवसांनी परसदारी न्हावी येत होता. सरकार जाऊन दीडशे वर्षं होत आली होती. मग चालवत कोण होतं?

आज्जीच्या घरी चालवणाऱ्या होत्या आत्याबाई. म्हणजे आज्जीच्या वडिलांच्या आत्या. नारायण पेठेत नदीच्या बाजूला त्यांचा वाडा होता. आत्याबाई दहाव्या वर्षी विधवा झालेल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. आज्जीने त्यांना बघितलं तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या, बारीक, ताठ, आणि आवाज असा की तिन्ही चौकात ऐकू जावा.

आज्जी बाराव्या वर्षी पहिल्यांदा ‘बाजूला’ बसली. आत्याबाईंनी तिला जिन्याखालची जागा दाखवली. घोंगडी, तांब्या, ताट वेगळं. चौथ्या महिन्यात थंडीचे दिवस होते. झोपेतून उठून आज्जीने तहान लागली म्हणून स्वयंपाकघरातल्या हंड्यात भांडं बुडवलं. आत्याबाई जाग्याच होत्या. त्यांनी हंडा ओतला, घागरी ओतल्या, घरातलं सगळं पाणी ओतलं. पहाटे चारला त्या पोरीला अंगावर थंड पाणी घ्यायला लावलं, आणि परसातल्या हौदावरून एकेक बादली करून माजघरापर्यंत आणायला लावली. आत न्यायचं काम मोठ्यांचं. ओल्या परकराने. घरात सहा मोठी माणसं होती. आज्जीचे वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे, घरी वर्तमानपत्र यायचं, सुधारक म्हणवायचे. कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी आज्जीला ताप भरला. एकशेचारपर्यंत. आणि मग त्या रात्री आत्याबाई तिच्या उशाशी बसल्या. कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, पाय चोळायचे, मग काढा करायला चुलीशी जायचं. पण पोरगी तर अजून विटाळशी. तिला शिवून चुलीशी जाता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून गार पाणी ओतून घ्यायचं, ओलेत्याने काढा करायचा, आणून पाजायचा, पुन्हा पोरीला शिवायचं. आज्जी म्हणते, “मी ग्लानीत होते, पण पाण्याचा आवाज मोजत होते. पाच वेळा आंघोळ केली त्यांनी त्या रात्री. साठीची बाई, जानेवारीत.”

मला ही गोष्ट ऐकल्यावर झोप लागली नाही. साधं बघा ना, चूल दुसऱ्या कोणाला पेटवायला सांगता आली असती. त्या रात्रीपुरतं ‘असू दे’ म्हणता आलं असतं. ते त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. नियम तसाच ठेवून त्यातून जितकी माया करता येईल तितकी केली, आणि त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेतली. माझ्या त्या मैत्रिणी म्हणतात तसं हे ढोंग असतं तर किती सोपं झालं असतं!

असं आपल्याच घरात होतं का, म्हणून मी वाचायला लागले. न्यायमूर्ती रानड्यांचं घर म्हणजे पुण्यातल्या सुधारकांचं मुख्य ठाणं. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये आलं. (आपल्या लायब्ररीत नाही. मला पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात मिळालं, आणि सुरुवातीची पन्नास पानं वाचायला चार दिवस लागले. कॉन्व्हेंटची कृपा.) १८७३ मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि रानडे एकतीसचे. रानड्यांची पहिली बायको नुकतीच वारली होती. मुलगा विधवेशी लग्न करून बसेल या भीतीने वडिलांनी घाईघाईने हे लग्न लावलं. रानड्यांनी लगेच बायकोला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. आणि घरातल्या बायका उठल्या. सासूबाई, वन्सं, आश्रयाला राहिलेल्या नात्यातल्या बायका. वाचलं की टोमणे. इंग्रजी शिकवायला मडम आली की तिच्या स्पर्शाचा विटाळ. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांच्या सभांना रमाबाई जायला लागल्या, तर घरात शिवाशिव पाळली जायला लागली. पुढे मुलींसाठी हायस्कूल काढावं म्हणून हिराबागेत गव्हर्नरसाहेबांसमोर त्यांनी इंग्रजीत वाचून दाखवलं (तीच हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झालेली), त्यावर घरात काय रामायण झालं असेल ते सांगायला नको.

या वन्सं म्हणजे रानड्यांची सख्खी बहीण, दुर्गा. तरुणपणीच विधवा झालेली. भाऊ गावभर सभांमधून विधवाविवाहाच्या बाजूने बोलतोय आणि घरात बहीण तशीच. ती बहीण वहिनीच्या हातातली पाटी बघत असेल तेव्हा तिला काय वाटत असेल? हे मला पुस्तकात सापडलं नाही, आणि मी माझ्या मनाने लिहिणार नाही. पण पुस्तक वाचताना एक गोष्ट खटकत राहते. रानडे जज्ज होते. बायकोला त्यांचा सल्ला असा की, कोणी काही बोललं तर उलट बोलू नकोस, ऐकून घे, आणि आपलं काम सोडू नकोस. थोर माणूस, थोर सल्ला. पण त्यामुळे झालं असं की सुधारणेचं श्रेय माडीवर आणि वाईटपणा सगळा माजघरात. पुरुषांचे हात स्वच्छ. लोक आजही म्हणतात बघा, “बायकाच बायकांच्या शत्रू.” २०१२ मध्ये झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ लागायची, मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन, घरात सगळे त्यातल्या खाष्ट बायकांना शिव्या द्यायचे. न्यायमूर्तींना गप्प बसल्याबद्दल शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नाहीत.

आता दुसरी बाजू. या बायकांना भीती वाटायची ती उगाच नाही. १४ ऑक्टोबर १८९० ला गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. पुण्यातले बडे बडे लोक होते, रानडे होते, टिळक होते. शेवटी मिशनवाल्यांनी चहा-बिस्किटं दिली. कोणी प्यायलं, कोणी नुसतं कपाला हात लावला. हा सगळा घाट गोपाळराव जोश्यांचा, डॉक्टर आनंदीबाई जोश्यांचे पती. त्यांनी नंतर हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून टाकली! झालं. शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी, ग्रामण्य. ग्रामण्य म्हणजे वाळीत. भटजी कार्याला येणार नाही, मुलीला स्थळ मिळणार नाही, सासरी असलेल्या लेकीला माहेरी पाठवणार नाहीत. एक कप चहासाठी. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, स्वतःसाठी नाही तर वाळीत पडून गांजलेल्या मित्रांसाठी. रमाबाईंना ते फार लागलं. त्यांनी ते लपवलेलं नाही.

म्हणजे हायकोर्टापर्यंत पोहोचणारा माणूस जिथे वाकला, तिथे दहाव्या वर्षी डोकं भादरलेल्या, लिहिता न येणाऱ्या, भाच्याच्या घरी दोन वेळचं जेवणाऱ्या बाईने काय करायचं? वाड्यातल्या एका मुलीचं पाऊल वाकडं पडलं तर बाकीच्या सगळ्या मुलींची लग्नं अडतील हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. बाहेरचे लोक पोरीला मोडतील, त्याआधी आपण घरातच वाकवलेली बरी. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे वाक्य खोटं नसतं हो. तेच तर अडचणीचं आहे. शिक्षा खरी असते, म्हणून धाक घालणारीची मायाही खरी होते. त्या शिक्षेलाच हात घालावा हे मात्र तिला सुचत नाही, कारण तिचा अधिकार त्याच शिक्षेतून आलेला असतो.

१९६१ मध्ये बारा जुलैला पानशेत फुटलं. आज्जी चौदा वर्षांची. नारायण पेठेत पाणी चढायला लागलं तेव्हा आत्याबाईंनी देव घेतले नाहीत, सोवळ्याचं काही घेतलं नाही. आज्जीची वेणी मुठीत धरली, धाकट्याला काखेत मारलं, आणि शेजारच्या तीन मजली घराच्या गच्चीवर जाऊन बसल्या. तिथे सगळ्या जातीचे लोक होते, एकमेकांना खेटून. वाडा त्या दुपारी बसला. नंतर एका शाळेत आसरा मिळाला, तिथे कोणीतरी मोठ्या पातेल्यात खिचडी आणली. कोणी शिजवली, कोणत्या पाण्यात, काही माहीत नाही. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने मुलांना भरवली. ‘खा, काही विचारू नका’ म्हणाल्या. स्वतः तीन दिवस शेंगदाणे आणि पाणी. म्हणजे बघा, सुचत नव्हतं असंही नाही! मुलांसाठी नियम बाजूला ठेवता येतो हे त्यांना माहीत होतं. पण त्यासाठी अख्खं धरण फुटावं लागलं.

भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड लागल्यावर पुन्हा सोवळं सुरू झालं. थोडं कमी, कारण जिना नव्हता आणि जिन्याखालची जागाही नव्हती. आज्जी म्हणते की तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सुधारणा पानशेतने केली. असो.

अ‍ॅटवूड बाईंनी २०१९ मध्ये ‘द टेस्टामेंट्स’ नावाचं पुढचं पुस्तक लिहिलं. (वाचायचं असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) त्यात कळतं की आंट लिडिया आधी फॅमिली कोर्टात जज्ज होती. तिला पकडून स्टेडियममध्ये ठेवलं, अंधारकोठडीत टाकलं, मारलं, आणि मग विचारलं, आमच्याकडून की आमच्याविरुद्ध? ती ‘तुमच्याकडून’ म्हणाली. आणि आतून वर्षानुवर्षं साहेबांच्या पापांची कागदपत्रं जमवत राहिली. हॉस्टेलमध्ये हे ऐकल्यावर बऱ्याच जणींनी लिडियाला माफ करून टाकलं. मला मात्र वाटतं लेखिकेने तिला जरा जास्तच सोपी वाट दिली. आत्याबाईंनी कुठली कागदपत्रं जमवली नव्हती. आतून कुठला बेत नव्हता. त्यांना कोणी ‘कोणाकडून?’ असं विचारलंच नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीला काय विचारणार? आणि तरीही त्या हंड्यातलं पाणी ओतणारा हात त्यांचाच होता.

“त्यांना दुसरं काही करणं शक्यच नव्हतं” असं म्हणून मी सुटले असते, पण मग पार्वतीबाई आठवले आडव्या येतात. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ मध्ये आलं. कोकणातल्या, फारसं शिक्षण नाही, विशीच्या आसपास विधवा, पदरात मुलगा, डोक्याला वस्तरा, अंगावर आलवण. त्यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेली. ती पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला माळरानावर गेला. पार्वतीबाई तिथल्या देखरेखीला. म्हणजे मुली कधी उठतात, काय खातात, कुठे जातात, सगळी शिस्त त्यांच्याकडे. काम बघितलं तर आंटचंच! आणि मग या बाई आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. मला वाटतं त्या भादरलेल्या डोक्यामुळेच अनेक सनातनी घरांनी त्यांना दारात उभं केलं असेल. १९१२ मध्ये त्यांनी केशवपन थांबवलं. वय बेचाळीस. १९१८ मध्ये इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या.

तोच वस्तरा, तेच आलवण, तोच शिस्तीचा स्वभाव. फरक एवढाच की त्यांच्या शिस्तीच्या दुसऱ्या टोकाला मुलगी पाटी-पुस्तक घेऊन बसलेली होती. अर्थात हिंगणं म्हणजे स्वर्ग नव्हता. लोकांना बिथरवायचं नाही म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असं ठरलेलं, आणि पुनर्विवाहित म्हणून खुद्द कर्व्यांच्या पत्नीला सुरुवातीची वर्षं आश्रमाच्या कामात जागा नव्हती. सुधारणेच्या दारातही कोणीतरी रजिस्टर घेऊन बसलेलंच होतं. पण त्याच माळरानावर आज कमिन्स कॉलेज आहे, जिथे आपण टेक-फेस्टला जातो आणि तिथल्या मुलींकडून रोबोटिक्समध्ये हरून येतो.

रजिस्टरवरून आठवलं. आमच्या गर्ल्स हॉस्टेलला साडेनऊची इन-टाइम आहे. (बॉईजला काय आहे ते त्यांनाच माहीत, बहुधा त्यांनाही माहीत नसावं.) उशिरा येणारीचं नाव लेट रजिस्टरमध्ये लिहायचं, तीन वेळा लिहिलं की घरी फोन. हे रजिस्टर रेक्टरबाई स्वतः सांभाळत नाहीत. थर्ड इयरची एक मुलगी निवडतात. जिने स्वतः दोन वर्षं नियम नीट पाळलेत अशी. यंदा ते माझ्याकडे आहे. बदल्यात मला सिंगल रूमसारखी कोपऱ्यातली खोली आहे आणि गच्चीची किल्ली. बाहेरच्या रस्त्यावर दिवे नाहीत, दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका सीनियरचा तिथे पाठलाग झाला होता. त्यामुळे एखादी फर्स्ट इयरची मुलगी दहाला धापा टाकत येते तेव्हा मला खरोखर काळजी वाटलेली असते. मी खिडकीतून चार वेळा बघितलेलं असतं. आणि हात रजिस्टर उघडत असतो. दिवे लावा म्हणून अर्ज द्यायचं आमच्यात कोणाला सुचलं होतं, तर ते याच पोरींना. गेल्या महिन्यात बावीस सह्या घेऊन त्या माझ्याकडे आल्या. तेविसावी माझी आहे.

परवा लातूरची एक मुलगी दहाला दहा मिनिटं असताना आली. एस.टी. बंद पडली होती म्हणाली. मेस बंद झालेली. मी तिचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही घेतली, आणि मग आधीच झाकून ठेवलेलं तिचं ताट तिच्यासमोर ठेवलं. ती रडत रडत जेवली. मी शेजारी बसून होते, भात गार झाला होता म्हणून पॅन्ट्रीत जाऊन गरमही करून आणला.

रात्री हे आज्जीला फोनवर सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “अगदी आत्याबाई!” म्हणाली. मी विचारलं, आज्जी, तुला त्या आवडायच्या का गं? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “रोज पहाटे आंघोळीच्या आधी त्या आम्हा चारी मुलींच्या वेण्या घालायच्या. आंघोळ झाली की शिवायच्या नाहीत, म्हणून आधी. खोबरेल तेल चोपडून, इतक्या घट्ट की डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणायची, मी घालते हो. तर त्या कंगवा देत नसत.”

मे महिन्यात रजिस्टर पुढच्या मुलीकडे जाईल. रेक्टरबाईंनी मला दोन-तीन नावं सुचवायला सांगितली आहेत.

— टी. ई. मेकॅनिकल